अण्णांच्या गाडीतला सीडी प्लेयर : नऊ सीड्या आणि एक महिना

२४ नोव्हेंबर २०२४, रविवार

काम असं आहे. सासऱ्यांची, म्हणजे अण्णांची, गाडी २०१० सालची. कंपनीनेच बसवलेला सीडी प्लेयर आहे आणि त्याच्या तोंडावर एमपीथ्री असं छापलंय. यूएसबी नाही, ऑक्सची पिन नाही, ब्लूटूथचा तर प्रश्नच नाही. अण्णांना या गाडीत स्वतःची जुनी रेकॉर्डिंग ऐकायची आहेत. अण्णा तबला वाजवायचे. सांगली-मिरजेतल्या घरगुती बैठकांत तीसेक वर्षं साथ केली. महिन्यातून एकदा आम्ही त्यांना साताऱ्याला आत्यांकडे घेऊन जातो. जाऊन-येऊन पाच-सहा तास होतात आणि तेवढा वेळ रेडिओवरच्या जाहिराती ऐकायची त्यांची तयारी नाही.

नवीन स्टिरिओ घाला, हा सल्ला आधीच मिळालाय. दुकानदाराने फ्रेम, वायरिंग धरून ११,००० सांगितले, कारण जुना प्लेयर डॅशबोर्डच्याच आकारात ओतलेला आहे. अण्णांचं म्हणणं, "चालतंय ते कशाला काढायचं?" सिगारेट लायटरच्या भोकात बसणारा एफएम ट्रान्समीटर मागच्या वर्षी आणला होता. सांगलीत रेडिओवर मोकळी असलेली जागा कराड येईपर्यंत दुसऱ्या कुणीतरी बळकावलेली असते, आणि त्या खरखरीमध्ये तंबोरा सगळ्यात आधी बुडतो. तो ट्रान्समीटर आता कपाटात आहे.

आज सगळ्या फाईल एका जागी गोळा केल्या. एकूण ५०, साधारण ११ तासांचा ऐवज. ८ डब्ल्यूएमए, १७ एमफोरए, १४ ओपस, ४ वेव्ह, ७ एमपीथ्री, म्हणजे आवाजाच्या फाईलींचे पाच वेगवेगळे प्रकार. हा कडबोळ्याचा डबा कसा तयार झाला तेही सांगते. चार कॅसेटींच्या आठ बाजू भाच्याने २००८ मध्ये त्याच्या कॉम्प्युटरवर घेतल्या होत्या, त्या डब्ल्यूएमए. फोनवर रेकॉर्ड केलेले अण्णांचे बोल आणि कायदे (तबल्यावरच्या बांधीव रचना), ते एमफोरए. त्यांच्या गुरुबंधूंनी व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेल्या व्हॉइस नोट म्हणजे ओपस. एका हौशी मित्राने चांगल्या रेकॉर्डरवर घेतलेल्या चार बैठका वेव्हमध्ये.

त्या आठ डब्ल्यूएमएंची मूळ कॅसेट आता नाही. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांवर गेलं, तेव्हा गावभागातल्या आमच्या घरात खालचा फडताळ बुडाला आणि कॅसेटींचा खोका त्यातच होता. म्हणून पहिला नियम: मूळ फाईलला हात लावायचा नाही. सगळं कॉपीवर. आजच एक प्रत पेनड्राइव्हवर, एक नणंदेकडे.

२७ नोव्हेंबर, बुधवार

लॅपटॉपला सीडी ड्राइव्ह नाही. बाहेरून जोडायचा डीव्हीडी रायटर घेतला, १,४५० रुपये. कोऱ्या सीड्या मिळवायला मात्र तीन दुकानं पालथी घातली. "आता सीडी कोण घ्यालंय ताई!" असं पहिल्या दोघांनी ऐकवलं. तिसऱ्याने डीव्हीडी पुढे केल्या, "यात जास्त मावतंय की." जास्त मावतं हे खरं, पण सीडी प्लेयरचा लेसर ७८० नॅनोमीटरचा आणि डीव्हीडीला लागतो ६५०चा. नुसत्या सीडीच्या प्लेयरला डीव्हीडी दिसणारच नाही. शेवटी मागच्या फळीवरून सीडी-आर निघाल्या, २० रुपयांना एक. दहा घेतल्या. जोडीला एक सीडी-आरडब्ल्यू, ६० रुपये, पुसून पुन्हा वापरता येईल म्हणून. ते पैसे पाण्यात गेले, ते पुढे येईलच.

३० नोव्हेंबर, शनिवार : सीडी क्र. १

आजच्या दोन्ही चुका माझ्या, आणि दोन्ही एकाच सीडीवर.

पहिली: एमफोरए, ओपस, डब्ल्यूएमए या फाईलींच्या नावामागच्या शेपट्या नुसत्या बदलून 'एमपीथ्री' केल्या. लॅपटॉपवर त्या छान वाजल्या. म्हटलं, झालं की काम! लॅपटॉपवरचा प्लेयर नाव बघत नाही, फाईल आतून उघडून बघतो, म्हणून वाजल्या. गाडीतल्या प्लेयरला ती हुशारी नाही. डब्यावर 'साखर' लिहिलं म्हणून आतलं मीठ गोड होत नाही, एवढी साधी गोष्ट.

दुसरी: विंडोजने विचारलं, ही सीडी पेनड्राइव्हसारखी वापरणार की सीडी प्लेयरमध्ये? मी न वाचता पहिला पर्याय दाबला. त्याने सीडी यूडीएफ पद्धतीने लिहिली जाते. कॉम्प्युटर ती वाचतो, पण जुन्या गाड्यांच्या प्लेयरना हवी असते आयएसओ ९६६०, जुन्या धाटणीची.

प्लेयरने सीडी आत घेतली, मिनिटभर कुरकुर केली, 'डिस्क एरर' दाखवलं आणि बाहेर ढकलली. मी दोष दिला २० रुपयांच्या सीडीला.

१ डिसेंबर, रविवार : सीडी क्र. २

त्याच फाईल, पण आता 'सीडी प्लेयरसाठी' हा पर्याय. वेव्ह सोडून ४६ फाईल. या वेळी प्लेयरने सीडी मान्य केली! पडद्यावर फाईलींचे आकडे आले. अण्णा पुढच्या सीटवर डोळे मिटून बसले होते. पहिली फाईल: वेळ शून्य, आवाज नाही, आपोआप पुढची. तीही तशीच. असं करत करत ४६ पैकी ५ वाजल्या.

"सूनबाई, हा माझ्यापेक्षा जास्त विश्रांती घेतो," अण्णा म्हणाले.

वाजलेल्या पाचही भाच्याने केलेल्या खऱ्या एमपीथ्री. पण खऱ्या एमपीथ्री होत्या सात. उरलेल्या दोन का वाजल्या नाहीत हे आज कळलं नाही, आणि मी तिकडे दुर्लक्ष केलं. ते केलं नसतं तर पुढचा आठवडा वाचला असता.

एक उपयोगी हत्यार सापडलं: मीडियाइन्फो नावाचा फुकट प्रोग्राम. फाईल त्यात टाकली की आत खरोखर काय आहे ते सांगतो. नावात एमपीथ्री आणि पोटात एएसी (एमफोरएच्या आत असतो तो प्रकार), हे तिथे दोन सेकंदांत दिसलं. हे काम करायला बसणाऱ्याने सुरुवात इथून करावी.

४ आणि ५ डिसेंबर, संध्याकाळी

आता खरं रूपांतर. ऑडॅसिटी हा आवाजाच्या फाईलींवर काम करायचा प्रोग्राम घेतला, त्याला एफएफएमपेगची जोड दिली, कारण त्याशिवाय ते डब्ल्यूएमए आणि एमफोरए उघडत नाही.

किती दर्जा ठेवायचा यावर थोडा हिशेब केला. ७०० एमबीच्या सीडीवर १९२ केबीपीएसने (म्हणजे सेकंदाला १९२ किलोबिट, यालाच बिटरेट म्हणतात) साडेआठ तास मावतात, १२८ने पावणेतेरा. आमचा माल ११ तासांचा. म्हणजे १९२ घेतला तर दोन सीड्या, आणि अण्णांना चालत्या गाडीत सीडी बदलायची नाही. पण जवळजवळ सगळी रेकॉर्डिंग एका माइकची किंवा टू-इन-वनवरची. डाव्या-उजव्या कानात तेच. मग स्टिरिओसाठी जागा का घालवायची? मोनो, १२८, कायम एकसारखा बिटरेट. मोनोत १२८ म्हणजे एका आवाजाला सगळी जागा मिळते. बदलता बिटरेट मुद्दाम टाळला. जुने प्लेयर त्यात वेळ चुकीची दाखवतात, आणि पुढे पळवताना गोंधळतात.

एक गोष्ट मनाला समजावून सांगावी लागली. डब्ल्यूएमएमध्ये जे एकदा कापलं गेलं ते एमपीथ्री करून परत येत नाही, उलट आणखी थोडं जातं. बिटरेट वाढवूनही येत नाही. भाच्याने २००८ मध्ये जागा वाचवायला जे केलं ते केलं. पुराने मूळ नेलं, तेव्हा भाच्याच्या कंजूसपणाचे आभारच मानायचे.

कामाची पद्धत: १७ एमफोरए आणि १४ ओपस एकाच प्रोजेक्टमध्ये एकाखाली एक ओढल्या आणि सगळ्या एकदम बाहेर काढल्या. तीन तास. दुसऱ्या दिवशी डब्ल्यूएमए. मग वेव्ह. वेव्हची एकेक फाईल ७०० एमबीच्या वर, ४८,००० हर्ट्झ (सेकंदाला आवाजाचे इतके नमुने), २४ बिट. सीडीसाठी ४४,१०० लागतं एवढं ऐकून माहीत होतं. ट्रॅकच्या मेनूत 'रेट' दिसला, ४८,००० होता तो ४४,१०० केला. सोपं वाटलं.

७ डिसेंबर, शनिवार : सीडी क्र. ३

५० फाईल, सगळ्या आता खऱ्या एमपीथ्री. वाजल्या १७. गप्प ३३.

अर्धा दिवस डोकं धरून बसले. तेवढ्यात अण्णांनी विम्याच्या कागदांच्या पिशवीतून गाडीचं पुस्तक काढून दिलं. "हे बघ, कामाचं आहे का." स्टिरिओच्या पानावर स्पष्ट छापलेलं: एमपीथ्री, ३२, ४४.१ आणि ४८ किलोहर्ट्झ. हे पुस्तक मी पहिल्या दिवशी मागायला हवं होतं. अण्णांना वाटलं, सूनबाई कॉम्प्युटरवाली, तिला पुस्तक कशाला.

मीडियाइन्फोमध्ये ३१ फाईल टाकल्या. सगळ्या १६,००० हर्ट्झ! ऑडॅसिटीच्या रिकाम्या प्रोजेक्टमध्ये पहिली फाईल जी येते तिचा रेट प्रोजेक्ट स्वतःचा करून घेतो. माझी पहिली फाईल फोनवर हलक्या दर्जात घेतलेली, १६,०००ची. मागून आलेल्या तीसच्या तीस तिच्या मापाने बाहेर पडल्या. आणि एमपीथ्री या एकाच नावाखाली दोन घराणी आहेत: ३२, ४४.१, ४८ हे एमपेग-१चं. १६, २२.०५, २४ हे नंतर जोडलेल्या एमपेग-२चं. नाव तेच, शेपटी तीच, पण हा प्लेयर दुसऱ्या घराण्याशी बोलत नाही. भाच्याच्या त्या दोन मुक्या फाईली? २२,०५०. आठवड्यापूर्वीच उत्तर हातात होतं.

आता वाजलेल्या सतरांबद्दल. मी खुशीत होते. अण्णांनी वेव्हमधली पहिली बैठक लावली. मिरजेच्या एका बुवांचं गाणं, तबल्यावर अण्णा. दोन मिनिटांत त्यांनी मान हलवली, तीही दाद देण्यासारखी नाही.

"हे माझं नाही."

"अण्णा, नावच आहे फाईलीवर. तुमचीच बैठक."

"बैठक माझी. तबला माझा नाही. त्या दिवशी काळी एकला लावला होता, हा पांढरी एकच्याही खाली गेलाय. शाई ओली झाल्यासारखा बोलतोय. आणि ठेका बघ, चिखलातनं चालल्यागत."

मला काही म्हणजे काही कळत नव्हतं, गाणं छानच वाटत होतं. पण घरी येऊन बघितलं तर मूळ फाईल ४४ मिनिटांची, आणि मी केलेली जवळजवळ ४८ मिनिटांची. ट्रॅकच्या मेनूतला 'रेट' फाईलीचं रूपांतर करत नाही. तो फक्त सांगतो की हेच नमुने आता सावकाश वाजव. ४८,०००चा माल ४४,१००च्या गतीने, म्हणजे सुमारे आठ टक्के हळू, आणि सूर जवळजवळ दीड पट्टी, म्हणजे दीड अर्धस्वर, खाली. हार्मोनियमवर मोजलं तर काळी एकवरून निघून पांढरी एक ओलांडून पुढच्या पट्टीच्या अर्ध्यात. अण्णांनी मिटल्या डोळ्यांनी सांगितलं ते अगदी तंतोतंत.

प्लेयरने तक्रार केली नाही, लॅपटॉपने केली नाही, मीडियाइन्फोनेही 'सगळं ठीक' म्हटलं. अशी चूक पडद्यावर दिसतच नाही. ज्यांच्या घरी अण्णा नाहीत त्यांनी रूपांतराआधीची आणि नंतरची लांबी ताडून बघावी. मिनिटं बदलली असतील तर सूरही बदललाय. खरं रूपांतर हवं तर ट्रॅकच्या मेनूला हात न लावता प्रोजेक्टचा रेट ४४,१०० ठेवायचा आणि एक्सपोर्ट करायचं, किंवा 'रिसॅम्पल' वापरायचं.

आणि गंमत म्हणजे ४८ पुस्तकात होतंच. वेव्हचा रेट बदलायची गरजच नव्हती.

८ डिसेंबर, रविवार : सीडी क्र. ४

सकाळी सगळं पुन्हा. आधी प्रोजेक्ट रेट ४४,१०० वर पक्का केला, मग फाईल ओढल्या. नवऱ्याने चहा करून दिला आणि "अकरा हजारांचा स्टिरिओ घेतला असता तर" हे वाक्य चौथ्यांदा म्हटलं.

सीडी लिहायला इमगबर्न हा प्रोग्राम घेतला, त्यात फाईलींची मांडणी, आयएसओ ९६६० आणि जोलिएट (त्याचीच लांब नावं चालणारी जोड), हे नीट निवडता येतं आणि लिहून झाल्यावर ते तपासूनही बघतं. पण भरताना ते म्हणालं, मावत नाही. माझ्या हिशेबाने ६०० एमबीच्या आसपास, ते दाखवतंय साडेसातशे. शोधल्यावर कळलं: काल रात्री हौसेने प्रत्येक फाईलीला अण्णांचा तबल्यावरचा फोटो चिकटवला होता. ३ एमबीचा फोटो, पन्नास वेळा. या प्लेयरला रंगीत पडदाच नाही! एमपीथ्रीटॅग नावाच्या प्रोग्रामने सगळे फोटो काढले.

सीडी लावली. पन्नासच्या पन्नास वाजल्या. हे लिहिताना अजूनही बरं वाटतंय.

तक्रारी दोन. मी फाईलींना देवनागरी नावं दिली होती, 'तीनताल कायदा', 'मिरज बैठक' अशी. पडद्यावर नुसत्या चांदण्या. प्लेयर नाव वाचतो, पण त्याच्याकडे देवनागरी अक्षरंच नाहीत. टॅगमधल्या, म्हणजे फाईलीच्या आत लिहिलेल्या, नावांचंही तेच. दुसरी: क्रम १, १०, ११, १२, मग २. प्लेयर आकडा म्हणून बघत नाही, अक्षर म्हणून बघतो. ०१, ०२ असं दोन आकडी लिहायला हवं होतं. पेनड्राइव्हवाल्या गाड्यांत आणखी वेगळा प्रकार असतो. तिथे बऱ्याचदा ज्या क्रमाने फाईल कॉपी केल्या त्या क्रमाने वाजतात.

नावांवर तोडगा अण्णांनीच काढला. "मला ती इंग्रजी बारीक अक्षरं दिसत नाहीत. फक्त नंबर दे, मी वहीत लिहितो." त्यांची जुनी रोजनिशी आहे, तिच्यात प्रत्येक नंबरसमोर राग, ताल, कुणाची साथ, कुणाचं घर, असं लिहायला बसले. फाईलींच्या नावात मी फक्त आकडा आणि रोमनमध्ये चार-सहा अक्षरं ठेवली.

१० डिसेंबर, मंगळवार : सीडी क्र. ५

नवीन नावांची सीडी. उत्तम चालली. मग मला अवदसा आठवली. डीटीपीवाल्याकडून गोल स्टिकर छापून आणला, वर अण्णांचं नाव, आणि सीडीवर चिकटवला.

दुपारी गाडी उन्हात उभी होती. संध्याकाळी सीडी बाहेर येईना. नुसती मोटर घरघरते. असल्या प्लेयरमध्ये सीडी फटीतून रबरी रुळांवर सरकत आत जाते. स्टिकरची जाडी, त्यात उन्हाने सुटलेला डिंक.

मिरज रोडला एक स्टिरिओ दुरुस्त करणारे काका सापडले. दोन दिवस, ३५० रुपये. प्लेयर उघडून सीडी काढली, रूळ पुसले, लेन्सही साफ करून दिली. वर म्हणाले, "ताई, एक काळ होता, स्टिकरच्या सीड्यांवर आमचं घर चालायचं." सीडीवर लिहायचंच असेल तर मार्कर पेन, ३० रुपये. बस्स.

१४ डिसेंबर, शनिवार : सीडी क्र. ६, ७ आणि ती आरडब्ल्यू

प्लेयर परत बसला. आधी सीडी-आरडब्ल्यू लावून बघितली. 'डिस्क एरर'. लॅपटॉपमध्ये तीच सुरळीत. पुसता येणाऱ्या सीडीवरून उजेड बराच कमी परततो. सीडी-आरच्या तुलनेत साधारण तिसरा हिस्सा. जुन्या डोळ्याला ती अंधारी खोली. ६० रुपये गेले.

क्र. ६ घाईत रायटरच्या कमाल वेगाने, २४ पटीने लिहिली. पहिल्या चाळीस फाईल छान, शेवटच्या काहींत टकटक आणि उड्या. सीडी आतून बाहेर लिहिली जाते, म्हणजे शेवटच्या फाईल कडेला. या वेळी शहाणपण केलं: फाईल त्याच, नावं तीच, इमेज तीच, फक्त वेग १०. क्र. ७ शेवटपर्यंत स्वच्छ. आधी मी दर वेळी दोन-तीन गोष्टी एकदम बदलत होते आणि मग कशाने काय झालं ते कळायचं नाही. प्लेयर तर सगळ्या दुखण्यांना एकच नाव देतो, 'डिस्क एरर'.

संध्याकाळी नवीन अडचण. गाडी बंद करून चालू केली की प्लेयर तीच फाईल लावतो, पण पहिल्यापासून. ४५ मिनिटांची कॅसेटची बाजू असेल आणि मध्ये पेट्रोल भरायला थांबलो, की पुन्हा आलापापासून. अण्णा वैतागले. लांब फाईलींचे तुकडे करायला हवेत.

तुकडे कुठे करायचे? दर दहा मिनिटांनी कापले तर ऐन समेवर कात्री पडणार. शिवाय एमपीथ्रीत दोन फाईलींच्या सांध्याला बारीकशी फट राहतेच. एन्कोडर आवाज १,१५२ नमुन्यांच्या ठोकळ्यांत भरतो आणि सुरुवातीला-शेवटी रिकामी भरती घालतो. तंबोरा चालू असताना ती फट लगेच कळते. म्हणून अण्णांना हेडफोन लावून बसवलं. ते हात वर करतात, मी खूण करते. विलंबित संपलं, द्रुत सुरू होण्याआधी बुवा घसा साफ करतात, तिथे. टाळ्यांनंतर, तिथे. कुणीतरी "चहा आलाय" म्हणतं, तिथे. तीन संध्याकाळी गेल्या, पण हा भाग कंटाळवाणा नव्हता. ५०च्या ८३ फाईल झाल्या.

याच बैठकीत मी आणखी एक सुधारणा केली. एका कॅसेटीची पहिली बाजू द्रुत लयीत मध्येच तुटते आणि दुसरी तिथून पुढे सुरू होते. मी दोन्ही टोकं एकमेकांवर चढवून असा सांधा केला की कान लावूनही कळू नये. अण्णांना सांगितलं नाही. म्हटलं, गाडीत ऐकतील.

२२ डिसेंबर, रविवार : सांगली ते सातारा

८३ फाईलींची पक्की सीडी सध्या मारली नाही. आधी रस्त्यावर चाचणी, म्हणून तुटलेल्या कॅसेटीची जोडलेली बैठक साध्या ऑडिओ सीडीवर, क्र. ८, आणि बाकीच्यासाठी क्र. ७. ऑडिओ सीडी घेण्याचं कारण, तिच्यात एमपीथ्रीचा दाब नाही आणि फाईलींच्या मध्ये फटही ठेवावी लागत नाही. मर्यादा ८० मिनिटांची.

आष्टा सोडलं आणि इस्लामपूरकडच्या उखडलेल्या तुकड्यावर ऑडिओ सीडी उड्या मारायला लागली. क्र. ७ लावली, तोच रस्ता, तेच खड्डे, एकही उडी नाही. ऑडिओ सीडीला दर सेकंदाला १,४११ किलोबिट लागतात, आमच्या एमपीथ्रीला १२८. प्लेयर पुढचं थोडं वाचून ठेवतो, आणि त्याच साठ्यात एमपीथ्री अकरा पट जास्त वेळ पुरते. लेन्स खड्ड्यातून सावरेपर्यंत गाणं चालू राहतं. या रस्त्यांना एमपीथ्रीच बरी.

पेठ नाक्यावर हायवेला लागलो, रस्ता गुळगुळीत झाला, मग पुन्हा क्र. ८. द्रुत सुरू झाली. कराड यायच्या सुमाराला अण्णा, जे मांडीवर बोटं वाजवत होते, ते थांबले. मागे नेऊन पुन्हा ऐकलं. पुन्हा मागे.

"इथं काय केलंस?"

मी अभिमानाने सांगितलं, की सांधा केला, कळत नाही ना?

"इथं कॅसेट संपली होती. तात्यांनी पळत जाऊन उलटवली, तोवर तिहाई होऊन गेली होती. ती रेकॉर्डमध्ये नाहीच. तू दोन्ही टोकं जोडलीस, तर आवर्तन साडेतेरा मात्रांत संपतंय. सोळा मात्रांच्या तीनतालाचं! ऐकणारा म्हणेल, तबलजी समेवर आला नाही." (तिहाई म्हणजे एकच तुकडा तीनदा वाजवून समेवर, आवर्तनाच्या पहिल्या मात्रेवर, येणं.)

नवरा गाडी चालवता चालवता हसायला लागला. अण्णा हसले नाहीत. साताऱ्यात पोचल्यावर आत्यांना पेढ्यांच्या आधी हीच गोष्ट सांगितली, "हिनं मला बेताला केलं."

२५ डिसेंबर, बुधवार : सीडी क्र. ९

सांधा उकलला. पहिली बाजू जिथे तुटते तिथेच तोडली, दोन सेकंद पूर्ण शांतता, मग दुसरी बाजू वेगळ्या नंबराने. कापताना टेपचा तो शेवटचा खट्ट आवाजही परत ठेवला, आधी मी तो पुसून टाकला होता.

क्र. ९: ८३ फाईल, मोनो, १२८, ४४,१००, रोमन नावं दोन आकडी क्रमांकासह, टॅग आणि फोटो नाहीत, आयएसओ ९६६० आणि जोलिएट, वेग १०, वर मार्करने फक्त '९'. ११ तास. सगळ्या वाजतात.

खर्च: रायटर १,४५०, दहा सीड्या २००, आरडब्ल्यू ६०, अडकलेली सीडी काढायला ३५०, मार्कर ३०. एकूण २,०९०. डीटीपीवाल्याने स्टिकरचे पैसे घेतले नाहीत, अण्णांच्या ओळखीचा. वेळ मोजला नाही, पंचवीस तास तरी गेले असतील, त्यातले निम्मे त्या १६,००० आणि 'रेट'पायी. दहावी सीडी कोरी आहे. क्र. ९ची प्रत म्हणून ती आजच मारून कपाटात ठेवणार होते, पण अण्णा म्हणाले थांब, गुरुबंधूंनी आणखी तीन व्हॉइस नोट पाठवल्यात.

वहीत ४१ आणि ४२ या नंबरांच्या मध्ये अण्णांनी शाईने लिहून ठेवलंय : 'येथे तिहाई झाली होती.'